ओटीतली सही

लकडगंजातल्या ज्या वखारीत मी टायपिस्ट म्हणून लागले, तिथे सकाळी बसण्याआधी खुर्ची झटकायची, मग टेबल, मग टाइपरायटर, आणि सगळं झालं की शेवटी स्वतःला. मागच्या अंगणात आरा मशीन दिवसभर सागाचे ओंडके चिरत असे आणि त्याचा बारीक पिवळा भुसा कसा कोण जाणे, दोन दारं ओलांडून माझ्यापर्यंत येई. एखादं अक्षर अडकलं की मी जुन्या टूथब्रशने ते साफ करत बसे. घरी गेले की नवरा माझा पदर हुंगून म्हणे, "आज साग होता वाटते." तो छापखान्यात खिळे जुळवायचा, त्यामुळे त्याच्या अंगाला शाईचा वास. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत आमच्या खोलीला लाकूड आणि शाई असा मिळून एक वास येत असे, आणि मला तो अजून आठवतो.

मला ती नोकरी फार आवडायची. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढच्या सगळ्याचा काही अर्थ लागायचा नाही. आमचं सासर विणकरांचं. महालाच्या मागच्या गल्लीत घर, घरात खड्ड्याचा माग, पण मी आले तेव्हा तो माग बंद पडून गेला होता. पॉवरलूमच्या स्वस्त साड्यांपुढे हातमागाचं नऊवारी कोण घेणार? सासरे एका कापड दुकानात कामाला लागले होते आणि आल्यागेल्या गिऱ्हाइकाला काठ बोटांनी चाचपून दाखवत. सासूबाईंनी जन्मभर रहाटावर सुताच्या कांड्या भरल्या होत्या. बसल्या जागी रहाट फिरवायची त्यांच्या हाताला इतकी सवय, की रिकाम्या बसल्या तरी उजवा हात मांडीवर हळूहळू फिरत असे.

त्यांना माझी नोकरी आधी पटली नव्हती. "खुर्चीवर बसून कायचं काम होते वं? काम तं घाम आणते," असं त्या म्हणायच्या. मग एकदा कचेरीतलं जुनं मशीन दुरुस्तीहून परत नेताना मी वाटेत ते घरी आणलं आणि त्यांच्यासमोर अर्धं पान टाइप करून दाखवलं. त्या मशीनच्या दांड्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. "हे तं मागासारखंच वाजते," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मोहल्ल्यात कोणी विचारलं की सून काय करते, तर सांगायच्या, "लोखंडी माग चालवते." मी हसायचे, पण मला बरंही वाटायचं.

वखारीचे मालक आमच्यासारखेच मराठी, पण धंद्यामुळे सगळे त्यांना सेठजी म्हणत. खाली कचेरी, वर त्यांचं घर. सेठजी कमी बोलायचे. जे बोलायचं ते मॅनेजरला, आणि मॅनेजर ते आमच्यापर्यंत आणायचा. मॅनेजर माणूस तसा वाईट नव्हता. मृदू बोलायचा, सगळ्यांना ताई-दादा म्हणायचा, कोणाच्या घरी आजारपण असलं की आठवणीने विचारायचा. तोंडावर वाईट वागणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं, पण गोड बोलून पायाखालची सतरंजी ओढणाऱ्याशी कसं भांडायचं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणि वर होत्या मालकीणबाई. भारी शरीराच्या, गोऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि बोलायला माणूस मिळालं नाही की कासावीस होणाऱ्या. दुपारी जिन्यावरून हाक यायची, "बाई, जेवली का वं?" मी जेवले असले तरी लोणच्याची फोड, भजं, काही ना काही खाली यायचं. कधी कधी त्या स्वतः अर्ध्या जिन्यापर्यंत येऊन बसत आणि मी टाइप करत असताना घरच्या गोष्टी सांगत. सेठजींची चाहूल लागली की पदर सावरून वर पळत. त्या शरीराने त्यांना पळताना बघून मला हसू आवरत नसे.

लग्नाला बरीच वर्षं झाली आणि माझी कूस उजवेना, तेव्हा सासूबाईंनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. एवढंच, की शेजारच्या डोहाळजेवणाला मला बोलावणं आलं नाही, की त्या स्वतःही जायच्या नाहीत. मग एका उन्हाळ्यात मला दिवस गेले. सासूबाईंनी त्या दिवशी बंद पडलेल्या मागावरची धूळ पुसली आणि मागाला हळद-कुंकू वाहिलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पाचवा महिना लागला तेव्हा मी मॅनेजरकडे बाळंतपणाच्या रजेचा अर्ज दिला. नवऱ्याच्या छापखान्यात कामगारांच्या कायद्याची पुस्तकं छापली जायची, त्यामुळे रजा मिळायला पाहिजे एवढं आम्हाला ठाऊक होतं. मॅनेजरने अर्ज वाचला आणि प्रेमाने हसला. "ताई, वखारीत कसली बाळंतपणाची रजा? आरा मशीनला तर कधी दिवस गेले नाहीत." मग गंभीर होऊन म्हणाला, "राजीनामा देऊन टाका. लेकरू मोठं झालं की या वापस. आपलीच वखार आहे."

"आपलीच आहे तं राजीनामा कायले?" मी म्हटलं.

त्यावर तो पुन्हा हसला, पण दुसऱ्या दिवशी माझं टेबल मागच्या दाराशी सरकवलेलं होतं. तिथे आऱ्याचा आवाज थेट पोटात जायचा, आणि पोटात तर आता दुसरं कोणीतरी होतं. मी कानाला फडकं बांधून बसले. मग टाइपरायटर दुरुस्तीला गेला आणि परत आलाच नाही. रिकाम्या टेबलाशी मला बसवून ठेवायचं आणि मी कंटाळून जायचं, असा हिशोब असावा. मी लोकर आणि सुया घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर टोपडं विणत बसले. मी फटकळ होते, हट्टी होते, आणि मला नोकरी सोडायची नव्हती. एक दिवस सोडेनही, पण मला वाटेल तेव्हा सोडेन, कोणाला टेबल हवं झालं म्हणून नाही. ही एवढीच गोष्ट मी धरून बसले होते. मॅनेजर दर दोन-तीन दिवसांनी तोच टाइप केलेला कागद घेऊन यायचा आणि म्हणायचा, "नुसती सही पाहिजे, ताई." मी म्हणायचे, "नाही." मग तो मान हलवून, जणू मीच त्याचं काही बिघडवलं, असा चेहरा करून जायचा.

सातवा महिना लागला, आणि एका शुक्रवारी जिन्यावरून हाक आली, "बाई, वर ये वं. तुझी ओटी भरते."

मी वर गेले. मालकीणबाईंनी पाट मांडला होता, भोवती रांगोळीची दोन बोटं ओढली होती. हिरवी साडी, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, खारका, आणि ताटभर तांदूळ. माझ्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. माहेरून माझी ओटी भरायला कोणी येणार नव्हतं, हे मालकीणबाईंना ठाऊक होतं, आणि त्यांनी काही न बोलता ते आपल्याकडे घेतलं होतं. त्यांनी कुंकू लावलं, माझ्या पदरात पहिली ओंजळ घातली आणि म्हणाल्या, "सुखरूप सुटशील, लेकरू घेऊन येशील मले दाखवाले." मला रडू येत होतं. ओटीत डोळ्याचं पाणी पडू देऊ नये म्हणून मी वर आढ्याकडे बघत राहिले.

आमच्याकडे ओटी भरलेली बाई कशी बसते, ते सांगायला हवं. पदराची झोळी दोन्ही हातांनी पोटाशी धरायची. त्यात तांदूळ, नारळ, सगळं. उठायची घाई करायची नाही, ओटी सांडायची नाही, अभद्र बोलायचं नाही, 'नाही' हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. उठण्याआधी ओटीतले चिमूटभर तांदूळ परत ताटात टाकायचे. म्हणजे या घरी आपण पुन्हा येणार.

मालकीणबाई माझ्यासाठी दूध आणायला आत गेल्या. आणि मागच्या बाजूने मॅनेजर आला. हातात तोच कागद, बोटांत पेन.

"ताई, या शुभ घडीला तेवढी सही करून टाका."

मी 'नाही' म्हणू शकले नाही. खाली टेबलाशी मी ते इतक्या वेळा म्हटलं होतं, पण कपाळावर ताजं कुंकू आणि मांडीवर ओटी असताना तो शब्द तोंडातून निघेना. उठून जाता येईना, हात झटकता येईना. मॅनेजर आमच्यातलाच, त्याच्याही घरी बायको होती, बहिणी होत्या. त्याला हे सगळं पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच तो त्या वेळी आला होता. त्याने कागद एका पुठ्ठ्यावर ठेवून माझ्यापुढे धरला. ओटी सांभाळायला दोन हात लागतात. मी उजवा सोडला, झोळी डाव्या हाताने आवळून धरली आणि सही केली. सही करताना थोडे तांदूळ जमिनीवर सांडले. मालकीणबाई दूध घेऊन आल्या तेव्हा मॅनेजर गेला होता आणि मी सांडलेले दाणे वेचत होते. त्यांना वाटलं, अवघडलेली बाई, हात सुटला असेल. मी चिमूटभर तांदूळ ताटात टाकले, दूध प्याले, वाकता येईल तेवढी वाकून त्यांच्या पाया पडले आणि खाली आले. खाली माझं टेबल रिकामं करून ठेवलं होतं.

घरी सासूबाई ओटी बघून हरखल्या. नारळ हातात घेऊन हलवून बघितला, पाणी आहे म्हणाल्या, खण उलगडून उजेडात धरला. तेव्हा मी रडायला लागले, आणि रडत रडत सगळं सांगितलं.  ओटीचे तांदूळ ज्या बाईचे, त्यांचा भात तिनेच खायचा असतो. सासूबाईंनी ते एका फडक्यात बांधून फळीवर ठेवले. "हे आता थांबतील," म्हणाल्या.

नवऱ्याने मला कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत नेलं. तो तसा शांत माणूस, पण त्या दिवशी अर्ज त्याने स्वतः लिहिला आणि इतका नीट लिहिला की मला त्याचा अभिमान वाटला. तारीख पडली. अधिकारी तरुण होते, चष्म्याचे, पुण्याकडून बदलून आलेले असावेत. मॅनेजर एकटाच आला होता, आणि त्याच मृदू आवाजात म्हणाला, "साहेब, ताई आपल्या खुशीनं गेल्या. आमच्या मालकीणबाईंनी तर ओटी भरून त्यांची पाठवणी केली. जबरदस्ती असती तर कोणी ओटी भरली असती का?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "ओटी भरली हे खरं?"

"खरं."

"सही तुमची?"

"माझी."

"मग सही करताना कोणी तुमचा हात धरला होता का?"

"माझे हात पदराले होते," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्यांचा दोष नव्हता. त्यांची ओटी कोण भरणार होतं? त्यांनी पुढची तारीख दिली आणि मालकांना जातीने हजर राहायला सांगितलं.

संध्याकाळी हे ऐकून सासूबाईंचा मांडीवर फिरणारा हात थांबला. "ओटीचा पुरावा देला त्यानं?" त्यांनी दोनदा विचारलं. राजीनाम्यावर त्या गप्प होत्या, नोकरी गेली तेव्हाही गप्प होत्या. पण हे ऐकून त्यांच्या मस्तकात गेलं. पुढच्या मंगळवारी त्यांनी सासऱ्यांनी मागावर विणलेलं शेवटचं लुगडं नेसलं. त्याची इतकी वर्षं घडी मोडलेली नव्हती. त्याच काठाचा एक खण काढला, नारळ घेतला, तांदूळ घेतले, कुंकवाची पुडी घेतली आणि मला म्हणाल्या, "चल वं."

"कुठं?"

"आपली ओटी भरली नं तिनं? आपण बी भरू."

आम्ही सायकल रिक्षाने लकडगंजात गेलो. कचेरीत मॅनेजर उठून उभा राहिला, पण काठापदराच्या लुगड्यातल्या, नारळ घेऊन आलेल्या सवाष्ण बाईला कोण अडवणार? आम्ही जिना चढलो. मालकीणबाई मला बघून किती खूष झाल्या. "अवं, तू तं रजेवर गेली ते तोंडच नाही दाखवलं," म्हणाल्या. म्हणजे त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प बसायला सांगितलं.

सासूबाईंनी त्यांना पाटावर बसवलं. कुंकू लावलं, खण दिला, नारळ दिला, आणि ओंजळीमागून ओंजळ तांदूळ घातले. आमच्या घरी जितकी भरतात त्याच्या कितीतरी जास्त. मालकीणबाईंची झोळी जड झाली, त्या हसत म्हणाल्या, "पुरे वं माय." मग सासूबाई त्यांच्यापुढे जमिनीवर बसल्या आणि कुंकवाच्या पुडीचा रिकामा कागद त्यांच्यासमोर धरला.

"बाई, याच्यावर सही करा."

"कायची सही?"

"कायची का असेना. करा."

मालकीणबाई हसल्या, मग हसू थांबलं. "हात कसा सोडू? सांडून राहिलं नं."

"मंग नाही म्हणून दाखवा."

मालकीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ओटीत हात अडकलेले, तोंड अर्धं उघडं. 'नाही' त्यांच्याही तोंडातून निघाला नाही.

"माझ्या सुनेचं हेच झालं," सासूबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "तुमच्या घरात. याच पाटावर. तुमी दूध आणाले गेल्या होत्या. आता तुमचा माणूस साहेबाले सांगून राहिला का तुमी ओटी भरून तिले काढून टाकलं."

मालकीणबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.  मला वाटलं, आता ओटी भिरकावतील, आम्हाला घालवून देतील, आणि मग सगळंच संपेल. त्यांनी हळूच ओटीतले चिमूटभर तांदूळ काढले आणि सासूबाईंच्या ताटात टाकले. 

"तारीख कधी आहे?" त्यांनी विचारलं.

तारखेला सेठजी आले होते, पांढरंशुभ्र धोतर नेसून, त्यांच्याबरोबर मॅनेजर. अधिकाऱ्यांनी कागद काढले आणि तेवढ्यात दाराशी सायकल रिक्षा थांबली. मालकीणबाई एकट्या उतरल्या. कचेरीच्या पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. त्या घरातली बाई सरकारी कचेरीत एकटी आली, हे त्या काळात किती मोठं होतं ते आज सांगून पटायचं नाही. सेठजी उठले आणि दबल्या आवाजात म्हणाले, "तू घरी जा."

"जाते. सांगून जाते."

अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. "साहेब," त्या म्हणाल्या, "ओटी मी भरली. तांदूळ माझे होते, नारळ माझा होता, खण माझा होता. कागद माझा नव्हता. लेकराले घेऊन वापस ये म्हणून भरली मी ओटी. तिनं माझ्या ताटात दाणे टाकले, म्हणजे ती येणार होती. हिले काढाचं असतं तं मी ओटी काहून भरली असती?"

  अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि सेठजींकडे बघितलं. "सही झाली तेव्हा ही बाई ओटी घेऊन पाटावर बसलेली होती का?" या वेळी त्यांना कळलं होतं. मॅनेजर आपल्या चपलांकडे बघत होता. सेठजी बायकोकडे बघत होते, रागाने नव्हे, तर इतक्या वर्षांत ही बाई आज पहिल्यांदा दिसली असावी तसे. शेवटी ते म्हणाले, "तिला रजा द्या. मग कामावर घ्या." राजीनामा मागे घेतल्याचं तिथेच लिहून झालं आणि मी सही केली, उजव्या हाताने, खुर्चीवर बसून.

मालकीणबाई तोवर रिक्षात बसून निघूनही गेल्या होत्या. मला त्यांचे पाय धरायचे होते, ते राहून गेलं. संध्याकाळी सासूबाईंनी फळीवरचं फडकं सोडलं आणि त्या तांदळाचा भात केला. सगळा माझ्या ताटात वाढला. "दोघांचा खा वं," म्हणाल्या, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

मुलगी झाली. रजा संपली तशी मी कामाला गेले. टाइपरायटर आपोआप दुरुस्त होऊन आला होता आणि टेबल पुन्हा पुढच्या दाराशी होतं. पहिल्याच दिवशी जिन्यावरून हाक आली आणि माझे पाय क्षणभर अडखळले. मालकीणबाई वरून हसत होत्या. "आज काही भरत नाही बाई. नुसता चहा हाये." पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी मुलीला दाखवायला घेऊन गेले. त्यांनी तिला उराशी धरलं आणि खूप रडल्या. सेठजी किती दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, हे त्यांनी मला नंतर, हसत हसत सांगितलं. "जेवाले वाढ म्हणून भिंतीले सांगत होते. मी बी भिंतीलेच इचारत होती, भाजी आणखी पायजे का?"

मॅनेजरला मात्र मी सोडलं नाही. वर्षानुवर्षं, तो साधं पत्र सहीसाठी घेऊन आला की मी म्हणायचे, "थांबा, आधी पदर खोचते." पदर कमरेला घट्ट खोचून, दोन्ही तळवे त्याला दाखवून मगच मी पेन घ्यायचे. आधी आधी तो लाल व्हायचा. पुढे पुढे तोही हसायला लागला, आणि माझ्या मुलीच्या बारशाची आठवण काढून, "मी नव्हतो का आलो, ताई," असं खोटंच सांगायला लागला. तो आलाच नव्हता. पण मी त्याला ते बोलू दिलं. एकाच भुशात इतकी वर्षं बसल्यावर माणूस थोडाफार आपला होतोच.

ऐंशीच्या दशकात सागाचे ओंडके येणं कमी होत गेलं. सेठजी वारले, मुलगा गादीवर बसला. तोवर घरी सासऱ्यांनी मागाचा खड्डा बुजवायला परवानगी दिली होती. ती देताना त्यांनी दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं, पण दिली. त्या जागेवर मी सेकंड हँड टाइपरायटर मांडून मोहल्ल्यातल्या मुलींसाठी टायपिंगचा वर्ग काढायचं ठरवलं. पहिलं मशीन आणून वाजवून बघितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खटखट गेली होती, वापस आली." त्यांचा हात मांडीवर फिरत होता.

मग मी राजीनामा लिहिला. घरीच, सकाळी, न्हाऊन. सासूबाईंना वाचून दाखवला, त्यांना त्यातलं काही कळलं नसेल, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. "तिच्या पाया पडून येजो. ओटी भरून घेतल्याशिवाय येजो नको," म्हणाल्या आणि त्याच लुगड्याच्या काठाचा उरलेला एक जुना खण माझ्या पिशवीत घातला.

कचेरीत मी कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. तो म्हातारा झाला होता. त्याने वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "खरंच का, ताई?" मी म्हटलं, "खरंच." मग मी जिना चढले.

मालकीणबाई खिडकीशी बसल्या होत्या. कपाळ मोकळं, शरीर अर्धं झालेलं. सेठजी गेल्यापासून खालून येणाऱ्या बायका त्यांना ओलांडून सुनेकडे हळदीकुंकवाला जात. मी सांगितलं, नोकरी सोडली, माझ्या मनाने सोडली. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, "थांब, सुनेले बोलावते. ती भरेल तुझी ओटी. माझा हात आता चालत नाही."

"मले तुमच्याच हाताची पायजे."

"वेडी आहे का तू? लोक काय म्हणतील?"

मी पाट घेतला आणि स्वतःच मांडला. पिशवीतला खण त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी खणाचा काठ चाचपला, ओळखला, आणि उठून आत तांदूळ आणायला गेल्या. त्या मंगळवारच्या कुंकवाच्या कागदाची आठवण आम्हा दोघींनाही आली असणार. त्या तांदळाचं ताट घेऊन परत आल्या.

सही मी घरूनच करून आणली होती. मी पाटावर बसले आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.